मदत हवी आहे : दवाखान्यात डिजिटल नोंदणी येतेय, फोन नसलेल्या पेशंटचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

मी एका छोट्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ओपीडीची नोंदणी, केसपेपर, औषधांचा साठा सगळं टॅबवर घ्यायचं ठरलंय आणि सॉफ्टवेअर निवडायच्या कमिटीत मलाही घेतलंय. मी टेक्निकल नाही म्हणून इथे विचारतेय.

धास्ती का वाटते ते सांगते. मागे गरोदर बायकांच्या नोंदीसाठी एक अ‍ॅप आलं होतं, दोन वर्षं आम्ही तेच रजिस्टरमध्ये लिहिलं आणि तेच टॅबवर भरलं, मग प्रोजेक्टचा निधी संपला, सर्व्हर बंद झाला आणि भरलेलं काहीच परत मिळालं नाही. पहिल्या खेपेला बीपी वाढलेली बाई दुसऱ्या वेळी आली तेव्हा जुनं रजिस्टर शोधून काढलं म्हणून कळलं. युगांडात तर असे सुटे सुटे पायलट (प्रायोगिक) प्रोजेक्ट इतके झाले की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नवीन प्रोजेक्ट थांबवून ठेवले होते.

तर करारात नेमकं काय लिहून घ्यायचं, की कंपनी गेली तरी नोंदी आपल्याकडे राहतील आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालता येतील? ओपनएमआरएस हे पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत हे माहितीय, पण प्रत्यक्ष वापरणारं कोणी असेल तर सांगा, बिघडलं की दुरुस्त कोण करतं?

माझी खरी काळजी पुढची आहे. ऑनलाइन नंबर सुरू झाले की फोनवाला घरून नंबर लावणार आणि पहाटेपासून रांगेत बसलेली म्हातारी मागे राहणार. काही नंबर रांगेसाठी राखून ठेवले तर चालतं का, किती ठेवायचे? आणि कित्येक घरांत फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. एचआयव्हीचा रिपोर्ट किंवा गर्भनिरोधकाच्या तारखेची आठवण त्या नंबरवर गेली तर त्या बाईचं काय होईल याचा विचार सॉफ्टवेअरचा डेमो द्यायला आलेल्या कंपनीच्या कोणीच केलेला नव्हता, मी विचारलं तर म्हणाले ओटीपी आहे ना! अहो, ओटीपीपण त्याच फोनवर येणार.

अजून एक, त्या सॉफ्टवेअरमध्ये "हाय रिस्क पेशंट" आपोआप दाखवणारं एआयपण आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अशाच एका अल्गोरिदमबद्दल अभ्यास आला होता, त्यात आजारपण मोजायला उपचारावरचा खर्च धरलेला, आणि कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असल्यामुळे तितकेच आजारी असूनही ते यादीत खाली गेले. आमचे पेशंटही खर्च परवडत नाही म्हणून उशिरा येणारेच आहेत. कंपनीला याबद्दल काय प्रश्न विचारू?

लाइट गेली, नेट गेलं तर ऑफलाइन चालेल असं ते म्हणतात, ते मी स्वतः नेट बंद करून बघणार आहे. टॅबच्या बॅटऱ्या मेल्यावर त्यांनी परत न्याव्यात असंही लिहून घेता येतं का?

पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे. कराराचा नमुना कोणाकडे असेल तर कृपया इथेच टाका, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.