आरोग्याची माहिती तुमच्या घरात कशी पोचली? (अनुभव धागा)

मंडळी,

2011 साली माझ्या वडिलांना टीबी झाला. तेव्हा गोळ्या दिवसाआड असत. पहिले दोन महिने प्रत्येक डोस कुणाच्या तरी समोर गिळायचा, आणि प्रत्येक पेशंटच्या नावाचा वेगळा खोका असे. आमच्या वस्तीतला खोका अंगणवाडीताईंकडे होता. वडिलांनी दोन डोस घेतले आणि तिसऱ्याला गेलेच नाहीत. विचारलं तर गप्प. चार दिवसांनी आईकडून कळलं की लघवी लाल होतेय, म्हणजे आतून रक्त जातंय, गोळ्या उष्ण पडल्या, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी-लाल होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एवढं एक वाक्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या भिंतीवर टीबीची पोस्टर होती. जंतू कसा दिसतो, खोकताना रुमाल कसा धरायचा, सगळं होतं. लघवीचं तेवढं नव्हतं. शेवटी ताई घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझ्या भावालाही असंच लाल व्हायचं. औषध अंगात गेल्याची ती खूण आहे." वडिलांनी सहा महिने पुरे केले. बरे झाले.

तेव्हापासून मला ठामपणे वाटतं की लोक अडाणी असतात म्हणून माहिती पोचत नाही, हे खोटं आहे. सांगणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटतं ते तो सांगतो, आणि ऐकणाऱ्याची झोप उडवणारा प्रश्न वेगळाच असतो. तुमचे असे अनुभव इथे लिहा. सांगणारे असाल तरी लिहा, ऐकणारे असाल तरी लिहा. फसलेले प्रयत्न तर जरूर लिहा. फक्त दवाखान्याचं किंवा पेशंटचं नाव नको.

आशाताई, जव्हार तालुका

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला जातो. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की हे काम डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून उभं केलं, आणि ते 1999 साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलं. आपल्यासारख्याच बायकांनी केलंय म्हटल्यावर मला धीर आला.

पण घरात गेल्यावर समोर आजी असते. थंडीचे दिवस, बाळ दोन किलोचं, आणि आजीला रोज न्हाऊ घालायचं असतं. मी दोन वर्षं "आंघोळ घालू नका" म्हणत राहिले. माझ्यासमोर मान डोलवायच्या, माझी पाठ फिरली की पाणी तापायचं. मग एका आजीला म्हटलं, तुमचा हात पालथा करून बाळाच्या पोटाला लावा, आता तळपायाला लावा. पोट गरम, पाय गार. म्हटलं, आजी, बाळाला थंडी वाजतेय, त्याला सांगता येत नाही. तिने स्वतःच दुपटं ओढून गुंडाळलं आणि आईच्या छातीशी दिलं. आता ती शेजारच्या सुनेच्या बाळाचे पाय बघायला जाते. माझ्याआधी.

महाडजवळच्या गावातून, सध्या मुक्काम पनवेल

माझी चुलती खाली अंथरुणावर झोपली होती. पहाटे पोटात कळ आली. सगळ्यांना वाटलं, अपचन. थोड्या वेळाने पापण्या जड झाल्या, डोळे उघडेनात, आवंढा गिळेना. अंगावर खूण नाही, सूज नाही. कुणीतरी म्हणालं, जनावर चावलं असेल, आणि भगताला बोलावलं. त्याने कडुनिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला, म्हणजे विष नाही, असा निर्वाळा झाला. दोन तास गेले.

चावली ती मण्यार होती, विषारी साप. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसेलच असं नाही. पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या हीच तिची ओळख. कडुनिंबाच्या चवीचा विषाशी काही संबंध नाही. सरकारी रुग्णालयात सर्पविषावरचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस मशीनवर श्वास दिला. काकू वाचली. ते दोन तास मला अजून बोचतात.

आमच्या भागात विंचू चावला तर लोक केव्हाचे डॉक्टरकडे धावतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाची माणसं वाचवली, ती चालत घरी आलेली गावाने पाहिली. त्यापुढे पोस्टरची गरज लागली नाही. सापाच्या बाबतीत मात्र भगतच, कारण भगताकडून बरी होऊन आलेली माणसंही गावाने पाहिलेली.

शाळेत एकदा सापांवर कार्यक्रम झाला. पडदा, स्लाइड, इंग्रजी नावं. वक्त्याने तीनदा "अंधश्रद्धा" म्हटलं, आणि मागच्या रांगा उठून गेल्या. माझ्या चुलतभावाने पुढे वेगळं केलं. चावडीवर बसून त्याने विचारलं, भगताकडे बरे झालेले कोण कोण? नावं निघाली. मग विचारलं, साप कुणी मारून बघितला होता? धामण, दिवड, नानेटी. सगळे बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांचा नीट दंश झालेली माणसं कुठेयत? चावडी गप्प झाली. नावं सगळ्यांना माहीत होती, ती माणसं राहिली नव्हती.

भगतही तिथेच होता. भाऊ त्याला म्हणाला, काका, मंत्र म्हणा, पण गाडीत बसून म्हणा. चावलेला हातपाय हाड मोडल्यासारखा फळीला बांधायचा, आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. भगताने ऐकलं. त्यानंतर दोन पेशंट त्याने स्वतः रुग्णालयात पोचवले. त्याला वगळून हे झालं नसतं असं माझं मत आहे. इथे काहींना ते पटणार नाही याची कल्पना आहे.

मेडिकल दुकान, नाशिक

थोडक्यात लिहितो. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, मधेच सोडू नका, असा तिचा अर्थ. सरकारने 2016 साली त्याची मोहीम काढली. गल्ल्यावर आजवर एकाही गिऱ्हाइकाने मला त्या रेघेचा अर्थ विचारलेला नाही. आता पट्टी देताना मी रेघेवर बोट ठेवतो आणि सांगतो. अर्धं मिनिट लागतं. गर्दीत राहून जातं, ते मनाला लागतं.

भाषांतरकार, पुणे

माझ्याकडे जुलाबावरचं एक माहितीपत्रक भाषांतराला आलं. मी मन लावून "निर्जलीकरण" लिहिलं, "क्षारसंजीवनी" लिहिलं. मजकूर तपासायला सोलापूरकडच्या एका वस्तीत बायकांच्या बैठकीला गेले. वाचून दाखवलं. एकीने विचारलं, हे कशाबद्दल आहे? मी म्हटलं, बाळाला जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की काय दिसतं? मग सगळ्या बोलायला लागल्या. डोळे खोल जातात, जीभ सुकते, टाळू बसते, चिमटा काढला तर कातडी तशीच राहते. माझ्या मूळ इंग्रजी मजकुरातली सगळी लक्षणं त्यांना पाठ होती, आणि माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत. मी तेच शब्द लिहून घेतले.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची होती. बऱ्याच जणी क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, अख्खी पुडी एका फुलपात्रात कालवत होत्या. कमी पाण्यात म्हणजे जास्त ताकद, हा हिशेब. खरं तर इतकं दाट पाणी बाळाला अपायच करतं. पुडीवर "एक लिटर" छापलेलं होतं, पण घरात लिटर कुठे असतो? तांब्या असतो, कळशी असते. शेवटी आम्ही पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीचं चित्र टाकलं. आणि शीर्षक एका आजींनी दिलं: "तोंडाने प्यायची सलाईन". सलाईनवर सगळ्यांचाच विश्वास. पत्रक मंजूर करणाऱ्यांनी ते शीर्षक "अशास्त्रीय" म्हणून काढलं. मी भांडले, पण हरले.

प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्हा

26 डिसेंबर 2019 चं सूर्यग्रहण. आदल्या दिवशी पालकांचे फोन, मुलांना पाठवणार नाही. मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, घराच्या दारात झाडाखालची जमीन बघा, सूर्याकडे मुळीच बघू नका. ढग येत-जात होते, पण मधे थोडा वेळ ऊन पडलं आणि पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो छोट्या चंद्रकोरी उमटल्या. एका मुलीची आई सात महिन्यांची गरोदर होती, तिला खोलीत बसवून ठेवलेलं. मुलीने चाळणी आत नेली, खिडकीच्या उन्हात धरली आणि आईला भिंतीवर कोरी दाखवल्या. आई पूर्ण वेळ आत राहिली, तरीही तिने ग्रहण पाहिलं. यापुढचं ती ठरवेल.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

धागाकर्त्याच्या वडिलांची गोष्ट वाचून मी काल ओपीडीत एक बदल केला. "कळलं ना?" विचारणं सोडलं. त्याला सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी विचारलं, "घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल?"

इन्सुलिन घेणारे एक काका आहेत. तीन महिने साखर खाली येत नव्हती. मी दर वेळी डोस वाढवत होतो, आणि दर वेळी सांगत होतो की बाटली थंड ठेवा. काल ते म्हणाले, "सांगीन की डॉक्टर म्हणाले थंड ठेवा. आपल्याकडे फ्रिज नाही, म्हणून मी चौकातल्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलीय. रोज जाऊन आणतो."

इन्सुलिन एकदा गोठलं की वाया जातं. माणूस तीन महिने माझं ऐकत होता, रोज चौकापर्यंत चालत होता, आणि निकामी औषध टोचून घेत होता. मी नवी बाटली दिली. वापरात असलेली बाटली घरात सावलीच्या जागी, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवायला सांगितलं. बर्फ होईल तिथे कधीही नाही. मग पुन्हा विचारलं, बायकोला काय सांगाल? त्यांनी नीट सांगितलं. पुढच्या सोमवारी साखर तपासायला येणार आहेत.