कोन फिल्टर लावला तर घाटात गाडी ओढेल का?

प्रश्न (सातारा):
वडिलांची २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, ११९७ सीसी. कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात चौघं बसले की दुसऱ्या गिअरलाही धापा टाकते. एक दुकानदार म्हणतो, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) लावा, इंजिनाची ताकद दहा एचपी वाढेल. आठ हजार सांगतोय. लावू का?

उत्तर (कराड):
थांबा दादा. पंधरा वर्षं इंजिनं खोलतोय. उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ३० ऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तिची घनता नऊएक टक्के घटते, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच कमी. कंपनीने हवा ओढणाऱ्या पाइपाचं तोंड पुढे गार हवेत ठेवलंय ते विचार करूनच. कोनाचा आवाज घुमतो, त्याने गाडी पळतेय असं वाटतं, एवढंच. त्यात कास सुमारे १२०० मीटरवर, हवा तिथे आधीच विरळ.
आधी जुना एअर फिल्टर काढून उजेडात धरा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप), स्पार्क प्लगही बघा.

उत्तर (सांगली):
क्लचही तपासा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढतो पण वेग वाढत नसेल तर तो घसरतोय. माझ्या गाडीचं दुखणं तेच निघालं.

प्रश्नकर्ता:
फिल्टर काढला. पलीकडचा बल्बही दिसेना! ऊसतोडीच्या दिवसांत रोज शेतावर जातो, सगळी फुफाट्याची धूळ. नवा कंपनीचाच टाकला, थ्रॉटल बॉडी साफ केली. काल चौघं घेऊन घाट चढलो, बराच फरक आहे. क्लच ठीक वाटतोय. कराडच्या दादा, प्लग किती किलोमीटरला बदलता?