मदत हवी आहे : ऑडॅसिटीत गाणं 4 मिनिटांवर आणताना सांधा ऐकू येतो

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी 5:40 चं लोकगीत 4:00 मध्ये बसवायचंय. मुलींच्या स्टेप्स मुखडा आणि शेवटच्या अंतऱ्यावर बसल्यात, त्यामुळे त्यांना हात लावता येत नाही.

आधी ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं गाणं चेंज टेम्पो या वेग बदलायच्या इफेक्टने पळवलं. सूर तोच राहिला, पण ढोलकीची थाप पार पातळ झाली. मग मधला अंतरा आणि त्यापुढचं म्युझिक मिळून 1:35 काढलं. उरलेले 5 सेकंद 2 टक्के टेम्पो वाढवून भागतात, ते कानाला कळतही नाही.

अडचण सांध्याची. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कापलं तर 'टक्' यायचं. झेड दाबून झीरो क्रॉसिंगवर (ध्वनिलहर शून्य रेषा ओलांडते तिथे) कापल्यावर ते गेलं. पण आता झांजेची आस (मागे रेंगाळणारा नाद) मधेच तुटते. 50 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच दुसरा वर आणणं) दिला तर थाप दोनदा वाजल्यासारखी येते, कारण वादन हाताचं आहे, ठेका मेट्रोनोमच्या एकसारख्या ठोक्यांवर बसत नाही.

माझ्याकडे एकच स्टिरिओ वेव्ह फाइल आहे, वाद्यांचे वेगळे ट्रॅक नाहीत. विंडोज लॅपटॉप, सॉफ्टवेअर फुकटचंच हवं.

अशा ठिकाणी क्रॉसफेड समेच्या आधीच संपवायचा का? की झांजेची आस वेगळ्या ट्रॅकवर घेऊन सांध्यावरून पुढे विरत न्यायची? आणि किती मिलिसेकंद?