महालातला जुना वाडा दुरुस्त करून राहायला जावं का?

मनीषनगरवाला
मंडळी, नागपुरात महाल भागात बडकस चौकातून आत गेलं की आमचा वाडा आहे. पुढे ओसरी, मधे चौक, वर माडी, मागे विहीर. आजोबांनंतर वाटण्या झाल्या, आमच्याकडे पुढचा भाग आला, मागचा काकांकडे, ते पुण्याला असतात त्यामुळे तिकडे बारा महिने कुलूप. आता झालं काय, माझ्या चुलत बहिणीनं टोरांटोत कॅबेजटाऊन म्हणून भाग आहे तिथं दुरुस्त केलेलं जुनं व्हिक्टोरियन घर घेतलं, फोटो पाठवले आणि बायको म्हणाली की हे सव्वाशे वर्षं जुनं घर कौतुकाचं मग आपला वाडा काय पाप करून आलाय. बाबांचं म्हणणं बिल्डरला देऊन मोकळं व्हा. भिंतींना कंबरेपर्यंत ओल, एका सागवानी तुळईच्या टोकाला उदई म्हणजे वाळवी लागलीय, छपराचे कवेलू गळतात. मिस्त्री म्हणतो सगळं खरवडून सिमेंटचं प्लास्टर मारून देतो, ओलीची कटकटच संपेल. मारू का?

महालची_माहेरवाशीण
नको!! सिमेंट अजिबात नको. आमच्याकडे हेच केलं होतं, खाली कंबरेपर्यंत गुळगुळीत प्लास्टर, दोन पावसाळ्यांत ओल त्याच्या वर चढून छातीपर्यंत आली. जुनी भिंत विटा-मातीची आणि वर चुना, जमिनीतून पाणी ओढते आणि चुन्यातून ते वाळून जाते, तुम्ही सिमेंटनं तोंड बंद केलं की ते वाट शोधत वर जाणारच. आणि तुळई सडते ती टोकालाच का, तर तिचं टोक त्याच ओल्या भिंतीत असते. उदईचं औषध मारून काही होत नाही, आधी ओल बंद करा. पन्हाळी आणि कवेलू पहिले, मग भिंत, मग तुळई. पूर्ण तुळई बदलायची गरज नसते बरेचदा, सडलेलं टोक कापून नवीन सागवान सांधता येते, पण सुतार जुना पाहिजे.
चुन्याचं काम करणारा मिस्त्री शोधायलाच आम्हाला चार महिने लागले. चुना भिजत घालायचा, सुरखी म्हणजे विटांचा चुरा, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, आई म्हणायची घर बांधून राह्यले का लाडू वळून राह्यले.
उन्हाळ्याचं विचाराल तर खाली एका कुलरवर भागते, माडीवर मात्र नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हात, पाय ठेवू नका.

सावजी_एक_प्लेट
भाऊ, फोटोत सगळं बरं वाटते. गाडी कुठं लावणार ते सांगा आधी? आमच्या गल्लीत दोन अ‍ॅक्टिवा समोरासमोर आल्या की एक मागे जाते. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर गाडी काढायचं नावच घेऊ नका. आणि मेन गोष्ट काका. तुम्ही पुढचं कितीही चकाचक करा, मागचं छप्पर बसलं की पाणी तुमच्याच भिंतीत. आधी काकांची लेखी संमती घ्या, नंतर चुना न् गूळ.
बाकी व्हिक्टोरियन पाहायला टोरांटोला कशाला जाता, आपली एम्प्रेस मिल, टाटांची कापड गिरणी, होती ना, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून टाटांनी ते नाव ठेवलं. तिथं आता मॉल आहे. आपण असं जपतो बाप्पा.

बर्फातला_धरमपेठी
मी कॅबेजटाऊनमधेच भाड्यानं राहतो म्हणून लिहितो. आयरिश लोक आले तेव्हा गरिबीत अंगणात कोबी लावायचे, त्यावरून हे नाव, आणि आज तिथली घरं घ्यायची आपली ऐपत नाही. बहिणीला विचारा ती फोटोत न दिसणारं सांगेल. घर अरुंद आणि लांब, खोलीमागे खोली, जिना असा उभा की सोफा वर नेताना दरवाजा काढावा लागला. शेजाऱ्याची न् आमची भिंत एकच, त्याचं बाळ रडलं की आम्ही उठतो. जुनी वायरिंग, चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली, ती असली तर विमा कंपन्या तोंड वाकडं करतात, म्हणून घरमालकानं सगळी बदलली. तुम्ही पण वायरिंग पहिले बघा, वाड्यातली कापडी वायर अजून असेल कुठंतरी. समोरची बाजू हेरिटेजमधे येते, तिथं काही बदलायचं तर परवानगी लागते, आत बरंच काही करता येते. गंमत म्हणजे सिमेंटची भानगड इथंही तीच, जुनी वीट मऊ, तिच्या सांध्यांत सिमेंट भरलं की पाणी विटेत अडकते आणि थंडीत गोठून विटेचं तोंडच उडते. इथले मिस्त्री पण चुनाच वापरतात, फक्त बेलफळ नाही.

मनीषनगरवाला
सगळ्यांना धन्यवाद. काल मिस्त्रीला चुन्याचं विचारलं तर म्हणे पानाला लावायचा का. काकांना फोन केला, ते म्हणाले दिवाळीत येतो तेव्हा बोलू, म्हणजे हा पावसाळा ताडपत्रीवरच काढावा लागणार. माहेरवाशीण ताई, तुमच्या त्या सुताराचा नंबर मेसेज करता का?