मदत हवी आहे: लॅबचं बिल थकलंय, ट्रेडरला 45 दिवसांचा नियम लागू होतो का?

नमस्कार मंडळी. प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या सामानाचा छोटा गाळा आहे आमचा, मी आणि धाकटा भाऊ बघतो. शहरातल्या एका संस्थेत जिवाणू वापरून कॅन्सरवर उपचार करण्याचं संशोधन चालतं. गाठीच्या आत ऑक्सिजन नीट पोचत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूला नेमकं तेच मानवतं, म्हणून ते ऑक्सिजनशिवाय वाढवायला संस्थेला अ‍ॅनारोबिक जार, गॅस पॅक लागतात. (कामाबद्दल आदरच आहे; मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लशीतले जिवाणू, तर कधीपासून वापरतात.) पण बिलाचं विचारलं की "ग्रँट आली नाही". गॅस पॅकचे पैसे आम्ही कंपनीला आगाऊ दिलेत, वर जीएसटीही भरून झाला. पीएचडीची पोरं बिचारी फोनवर ओशाळतात, त्यांना काय बोलणार!

2006 च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात गिऱ्हाइकाला बिल चुकवायला जास्तीत जास्त 45 दिवसांची मुदत आहे, पुढे चक्रवाढ व्याज. आमचं उद्यम रजिस्ट्रेशन (या कायद्याखालची सरकारी नोंदणी) मात्र ट्रेडर म्हणून. सीए म्हणतो, ट्रेडरला त्याचा फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर ट्रेडर असून कुणाचा अर्ज चालला आहे का? की सरळ वकिलाची नोटीस पाठवावी? गिऱ्हाईक न तोडता वसुली कुणी केली असेल तर तेही सांगा.