मदत हवी आहे : वेबपानांच्या अभ्यासासाठी दृष्टिहीन स्वयंसेवक कसे मिळतील?

विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी मराठी वेबपानांच्या तयार टेम्प्लेटांचा अभ्यास करत आहे. एनव्हीडीए किंवा टॉकबॅक यांसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारी व्यक्ती बहुधा सगळे पान ऐकत बसत नाही, शीर्षकांवरून पुढे सरकते. टेम्प्लेटमध्ये शीर्षक म्हणून केवळ ठळक अक्षरे वापरली असतील, तर स्क्रीन रीडरला ते शीर्षक म्हणून ओळखता येत नाही व ही वाटच बंद होते, आणि डोळस विद्यार्थ्यांवर चाचणी घेऊन ते कळणार नाही. विभागातील सूचनाफलक व व्हॉट्सॲप गटांतून मात्र तेच विद्यार्थी पुढे आले. चाचणी पाऊण तासाची असून घरबसल्या, स्वतःच्याच फोनवर किंवा संगणकावर देता येते. मानधनाची तरतूद नाही, नावे गुप्त राहतील. अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे आधी विभागप्रमुखांचे पत्र न्यावे की सभासदांशी थेट बोलावे, आणि मराठी संमतिपत्र कोणत्या स्वरूपात दिल्यास स्क्रीन रीडरवर नीट वाचता येते?