[मंडळ-चर्चा] सनीवेलमधलं घर आणि नकाशावरचे ठिपके

शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

दिवाळी पहाटेच्या तयारीच्या गडबडीत वेगळाच विषय काढतोय, राग मानू नका. सनीवेलमध्ये ड्वेन अव्हेन्यूच्या उत्तरेला आम्ही एक टाउनहाउस बघितलंय. मंगळवारपर्यंत ऑफर द्यायची आहे. बायकोला चौथा महिना आहे.

ऑफिसमधला एक जण काल बोलता बोलता म्हणाला, "त्या भागात जमिनीखाली काहीतरी आहे, बघून घे." एजंटला विचारलं तर म्हणाला, जुनी गोष्ट आहे, सगळं साफ झालंय. मग मी दूषित जागांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या जिओट्रॅकर वेबसाइटवर पत्ता टाकला. ठिपकेच ठिपके आले. घराच्या सर्वांत जवळचा ठिपका उघडला तर जुनी पेट्रोलची टाकी निघाली आणि शेरा होता 'कम्प्लीटेड – केस क्लोज्ड'. म्हणजे काळजीचं कारण नाही ना? कुणी या क्षेत्रात काम केलं असेल तर कृपया सांगा.

— नवा सभासद, सांता क्लारा

शनिवार, सकाळी ६.५५

नमस्कार,

ऑफर द्यायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. मी वीस वर्षं भूजलाचं काम करते. त्यातली पहिली सात याच सिलिकॉन व्हॅलीच्या खोऱ्यात मॉनिटरिंगच्या विहिरींतून पाण्याचे नमुने काढण्यात गेली. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सर्वांत जवळचा ठिपका बघून थांबलात, तिथेच चुकलं. ठिपका म्हणजे त्या केसचा नोंदणीचा पत्ता. गळती कुठे सुरू झाली एवढंच तो सांगतो, आज ती कुठवर पोचलीय हे सांगत नाही. जमिनीखालचं पाणी चालतं, आणि आपल्या भागात ते दक्षिणेकडून उत्तरेला, सॅन फ्रान्सिस्को बेच्या (खाडीच्या) दिशेने चालतं. त्यामुळे घराभोवती गोल काढून काही हाती लागणार नाही. घराच्या दक्षिणेला बघा.

तुमच्या दक्षिणेला थॉम्पसन प्लेस, स्टुअर्ट ड्राइव्ह आणि आर्क्स अव्हेन्यू आहेत. तिथे एएमडी, टीआरडब्ल्यू मायक्रोवेव्ह आणि सिग्नेटिक्स यांचे चिपचे कारखाने जवळजवळ होते. तिघांच्या आवारात जमिनीत मुरलेलं सॉल्व्हंट, म्हणजे भाग धुवायचं रसायन, खाली एकत्र झालं आणि ड्वेन ओलांडून घरांखाली, शाळांखाली गेलं. कागदोपत्री याला 'ट्रिपल साइट' म्हणतात. नकाशावर तीन ठिपके दिसतील, तेही तुमच्यापासून बऱ्यापैकी लांब, पण खालचा दूषित पाण्याचा पट्टा एकच आहे. घरांच्या भागाला फाईलींत 'ऑफसाइट ऑपरेबल युनिट' असं नाव आहे. ते लिहून ठेवा, कारण नुसता घराचा पत्ता टाकून ते सापडणं कठीण आहे.

थोडं मागचं सांगते, म्हणजे ही माहिती आपल्याला फुकट का मिळते ते कळेल. या खोऱ्यातल्या कारखान्यांना धुराडी नव्हती, पुढे हिरवळ असायची, म्हणून सगळे याला स्वच्छ उद्योग समजायचे. सुटे भाग धुवायला टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन) सारखी सॉल्व्हंट वापरायची आणि वापरलेली जमिनीखालच्या टाकीत साठवायची, ही तेव्हाची पद्धत. १९८१ च्या अखेरीस दक्षिण सॅन होजेत फेअरचाइल्डच्या अशाच एका टाकीची गळती उघडकीला आली. टीसीए नावाचं सॉल्व्हंट पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरलं होतं. जवळच्या लॉस पासेओस वस्तीतल्या लॉरेन रॉस यांच्या मुलीच्या हृदयात जन्मतः दोष होता. पेपरातली बातमी वाचून त्यांनी शेजारपाजारच्या गर्भपातांची आणि जन्मतः व्यंग असलेल्या बाळांची माहिती जमवायला सुरुवात केली. राज्याच्या आरोग्य खात्याने १९८५ मध्ये अभ्यास केला. त्या वस्तीत प्रमाण जास्त आढळलं, पण ते या गळतीमुळेच असं सिद्ध करता आलं नाही. तरी त्या आरडाओरड्यातून टाक्यांचे कायदे आले, इतर कारखान्यांच्या आवारात विहिरी खोदून तपासणी झाली, आणि आपल्या काउंटीत २३ सुपरफंड साइट्स, म्हणजे केंद्र सरकारच्या सफाईच्या यादीतल्या जागा, निघाल्या. देशातल्या कुठल्याही काउंटीत याहून जास्त नाहीत.

आता शोधायचं कसं ते सांगते. दप्तरं तीन आहेत आणि तिन्ही बघावी लागतात. जिओट्रॅकर राज्याच्या वॉटर बोर्डाचं. एन्व्हायरोस्टोर हे डीटीएससी या विषारी पदार्थांच्या खात्याचं. सुपरफंडचं दप्तर केंद्राच्या ईपीएचं. एकच जागा तिन्हीकडे वेगवेगळ्या नावांनी असू शकते, एकीकडे जुन्या कंपनीच्या नावाने, दुसरीकडे आजच्या मालकाच्या. एन्व्हायरोस्टोरवर 'रेफर' असा शेरा दिसला तर केस मिटलेली नाही, दुसऱ्या खात्याकडे गेलीय. ती तिकडे जाऊन बघायची.

नकाशावर क्लिक करत बसू नका. जिओट्रॅकरवर डेटा डाउनलोडचं पान आहे, तिथून साइट्सची फाईल घ्या. टॅबने वेगळे केलेले रकाने असतात, एक्सेलमध्ये सरळ उघडते. टाक्यांच्या केसच्या क्रमांकांची सुरुवात 'टी ०६०८५' अशी दिसेल. ०६ म्हणजे कॅलिफोर्निया, ०८५ म्हणजे सांता क्लारा काउंटी. अक्षांश-रेखांशाचे रकाने आहेत. तुमच्या घरापेक्षा कमी अक्षांश तेवढे ठेवा, म्हणजे दक्षिण बाजू उरेल. रेखांशाचा दोन्हीकडे थोडा पट्टा ठेवा. मग केसच्या प्रकारात 'क्लीनअप प्रोग्रॅम साइट' निवडा.

इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलेय. प्रदूषकाच्या रकान्यात नुसतं 'टीसीई' शोधलंत तर निम्मं हातचं जाईल. पुष्कळ ओळींत 'अदर सॉल्व्हंट ऑर नॉन-पेट्रोलियम हायड्रोकार्बन' एवढंच लिहिलेलं असतं, ड्राय क्लीनरच्या जागांवर पीसीई हे टीसीईच्याच जातीचं सॉल्व्हंट असतं, आणि काही ओळी चक्क कोऱ्या असतात. माझी पद्धत उलटी आहे. पेट्रोल-डिझेलच्या केस बाजूला काढते आणि उरलेल्या सगळ्या एकेक करून वाचते.

पेट्रोल वेगळं का काढायचं? मातीतले जिवाणू ते हळूहळू खाऊन टाकतात. २०१२ पासून वॉटर बोर्डाचं धोरणच आहे की धोका कमी असेल तर थोडं पेट्रोल जमिनीत राहिलं तरी केस बंद करायची. तुमचा 'क्लोज्ड' ठिपका बहुधा तसाच असेल, त्याची चिंता करू नका. टीसीई पाण्यापेक्षा जड असतं, खाली खाली उतरतं आणि दशकानुदशकं राहतं. 'ओपन – इनॲक्टिव्ह' शेरा दिसला तर मात्र थांबून वाचा. केस उघडी आहे आणि तिच्यावर सध्या काम होत नाही, असा त्याचा अर्थ.

ईपीएची माहिती एन्व्हायरोफॅक्ट्स या त्यांच्या ऑनलाइन भांडारातून मागवता येते. ब्राउझरच्या पट्टीतच तक्त्याचं नाव, रकान्याचं नाव आणि हवी ती किंमत तिरप्या रेघांनी जोडून लिहायची, की उत्तर एक्सेल किंवा जेसनमध्ये हातात येतं. तुम्ही सॉफ्टवेअरवाले असाल तर पाच मिनिटांचं काम.

पण हे सगळं फाईलीपर्यंत पोचण्यासाठी. एकदा साइट सापडली की कागदपत्रांत जा आणि सर्वांत अलीकडचा 'फाइव्ह-इयर रिव्ह्यू' उघडा. घाण शिल्लक असेल तिथे कायद्याने दर पाच वर्षांनी तो करावाच लागतो. पानं शेकड्यांत असतील. सरळ शेवटच्या आकृत्यांवर जा. रस्त्यांच्या नकाशावर कांद्याच्या चकत्यांसारख्या एकात एक रेषा दिसतील. '५' लिहिलेली रेषा शोधा. पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, ती ही रेषा. तुमची गल्ली तिच्या आत आहे की बाहेर, ते बघा आणि मला कळवा.

— ताई, माउंटन व्ह्यू

शनिवार, दुपारी १.१०

ताई,

पत्र वाचलं. माहिती चांगली आहे, पण मला मनापासून वाटतं ते लिहितो. आम्ही १९८८ पासून त्याच बाजूला राहतो. मुलं तिथेच वाढली. नळाला पाणी 'हेच हेची' धरणाचं आणि 'व्हॅली वॉटर' या पाणी खात्याचं येतं, तपासून येतं. त्या विहिरींचं पाणी कुणी पीत नाही. मंडळातली पंधरा-वीस घरं त्या भागात आहेत, त्यांनी हे वाचून काय करायचं? झोप उडेल आणि घराची किंमत पडेल, दुसरं काय होणार?

— काका, सनीवेल

शनिवार, सायंकाळी ५.३०

काका,

पाण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी ते आधीच लिहायला हवं होतं. तो उथळ दूषित थर पिण्याच्या पाण्यात नाही. प्रश्न वाफेचा आहे. टीसीई उडून जाणारं द्रव्य आहे. भूजलातून त्याची वाफ मातीतून वर येते आणि घराच्या तळाच्या काँक्रीट स्लॅबच्या भेगांतून, पाइपांच्या भोवतालच्या फटींतून घरात शिरू शकते. १९८८ मध्ये याचा फारसा विचारच होत नव्हता. माउंटन व्ह्यूच्या मिडलफील्ड-एलिस-व्हिस्मन साइटवर ईपीएने वाफेचा उपाय मूळ निर्णयात जोडला तो २०१० मध्ये. आणि ईपीए या बाबतीत सर्वांत जास्त जपते ते गरोदर बायकांना, कारण पोटातल्या बाळाच्या हृदयाचा प्रश्न असतो. म्हणून मी गप्प बसू शकले नाही.

मी डोंबिवलीची. तिथे एमआयडीसीत काय चाललंय ते नाकाला कळायचं, आई संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायची. इथे या पातळीला वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. कळायला कागदाशिवाय दुसरा मार्गच नाही. तो कागद लोकांनी भांडून मिळवलाय, काका, आणि तो घर विकणाऱ्यापेक्षा तिथे राहणाऱ्याच्या जास्त कामाचा आहे. रेषेच्या आत घर असलेल्यांनी ईपीएच्या साइट मॅनेजरला लिहून घरातली हवा तपासायला सांगावं. नाव आणि ईमेल साइटच्या पानावरच असतं. आणि उपाय भयंकर नाही. स्लॅबखाली पाइप घालून पंख्याने वाफ ओढून छपरावर सोडतात.

तुमच्या गल्लीसाठी मी स्वतः फाईल बघून देते. उद्या फोन करते.

— ताई

सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार ताई, काका,

दोन रात्री बसलो. डाउनलोड केलेल्या फाईलीत आमच्या दक्षिणेच्या पट्ट्यात पेट्रोल वगळून सात केस उरल्या. त्यातल्या दोन एकाच इमारतीच्या निघाल्या, दोन वेगळ्या नावांनी. ट्रिपल साइटचा रिव्ह्यू उघडून आकृत्यांवर गेलो आणि पडद्यावर बोट ठेवून गल्ली शोधली. घर ५ च्या रेषेच्या आत आहे, काठाच्या जवळ.

काल संध्याकाळी पुन्हा घर बघायला गेलो. गॅरेजच्या कोपऱ्यात जमिनीतून वर छपरापर्यंत जाणारा एक पांढरा पाइप होता. पहिल्या फेरीत तो ड्रेनेजचा वाटला होता. त्यावर काचेची वाकडी नळी बसवलेली, आत लाल तेल. ताई, तुम्ही फोनवर सांगितलंत तसं बघितलं. दोन्ही बाजूंचं तेल एकाच पातळीवर होतं.

म्हणजे वाफ ओढणारा पंखा बंद आहे, नाहीतर ओढीने एका बाजूचं तेल वर चढलं असतं. एजंटला पंख्याची नोंद आणि घरातल्या हवेचा तपासणी अहवाल मागितलाय आणि साइट मॅनेजरला ईमेल केलंय. कागद हातात येईपर्यंत ऑफर देणार नाही. बायकोने उद्याची तारीख कॅलेंडरवरून काढून टाकली.

काका, तुमच्या गॅरेजमध्ये असा पाइप आहे का?

— सांता क्लाराहून

मंगळवार, सकाळी ७.०५

आहे. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. तेल डावीकडे दोन बोटं वर आहे. ताई, हे ठीक ना?

— काका

मंगळवार, सकाळी ७.२०

अगदी ठीक, काका. पंखा ओढतोय. महिन्यातून एकदा बघत जा, आणि दोन्ही बाजूंचं तेल एका पातळीला आलं तर मला लगेच फोन करा.

— ताई